ऑगस्ट टेशचा झेंडा

मंगळवारी संध्याकाळी सात वाजता नॉर्बर्ट टेशला फोन करायचा नाही, हे अख्ख्या मिल क्रीक गावाला ठाऊक आहे. त्या वेळी लोकवर्गणीवर चालणाऱ्या चॅनेलवर एखाद्या पाहुण्याला बसवून त्याच्या पणजोबा-खापरपणजोबांचे कागद त्याच्यापुढे उलगडतात. नॉर्ब माझा शेजारी, वय अठ्ठ्याहत्तर. चाळीस वर्षं त्यानं खेड्यापाड्यांत टपाल वाटलं. माझ्या टीव्हीवर ते चॅनेल नीट दिसत नाही, या सबबीवर मी दर मंगळवारी बटाट्याचं सॅलड घेऊन त्याच्याकडे जाते. चॅनेल आता स्वच्छ दिसतं, पण तो विचारत नाही आणि मी सांगत नाही.

कार्यक्रम गप्प बसून बघणं त्याच्या रक्तात नाही. पूर्वजानं माणसं गुलाम म्हणून ठेवली होती असं निघालं आणि पाहुण्याचा चेहरा पडला, की हा ओरडलाच. "अरे, पान उलट! कागद आहे तो, चावणार नाही!" वर्गणीच्या आठवड्यात तर ऐन रंगात कार्यक्रम थांबवून चॅनेलवाले वर्गणीदारांना भेट द्यायचे कॉफीचे मग दाखवत बसतात. नॉर्ब त्यांना यथेच्छ शिव्या घालतो आणि मग निमूट फोन उचलून वर्गणी भरतो. त्याच्या कपाटात चॅनेलचे अकरा मग आहेत.

टेश घराण्याचा मोठा अभिमान म्हणजे पणजोबा ऑगस्ट, अमेरिकेच्या यादवी युद्धात लढलेला. चर्चमागे त्याच्या थडग्याच्या दगडाशेजारी सैनिकाचा पितळी तारा आहे, आणि दर मेमोरियल डेला, म्हणजे मेअखेरच्या सोमवारी सैनिकांच्या स्मरणदिनी, नॉर्बची थोरली बहीण एल्विरा, त्याची 'सिस', तिथे झेंडा लावते. ती एक्क्याण्णव वर्षांची आहे. वयाच्या आठव्या वर्षापासून तिनं एकही वर्ष चुकवलेलं नाही. कंबरेचं हाड मोडलं त्या वर्षीसुद्धा कुबड्या घेऊन गेली.

यंदा नॉर्बनं मनावर घेतलं की थडग्यापाशी ऑगस्टची खरी हकीकत सगळ्यांसमोर वाचायची. त्यानं वॉशिंग्टनच्या सरकारी दप्तरातून त्याची सैनिकी फाईल मागवली. मेच्या मध्यावर जाडजूड पाकीट आलं.

त्या मंगळवारी कार्यक्रम सुरू झाला आणि नॉर्बनं टीव्हीचा आवाज बंद केला. काहीतरी बिनसलंय, हे मी ओळखलं.

"रूथी, हा आमचा ऑगस्ट नाही."

फाईल ऑगस्ट टेशचीच होती, घरात सांगत आले त्याच पलटणीतल्या. पण हा शेजारच्या जिल्ह्यातल्या एका विधवेचा एकुलता एक मुलगा. छावणीत गोवर होऊन एकोणिसाव्या वर्षी गेला. लग्न नाही, मूल नाही. आत होता तो आईचा पेन्शनचा अर्ज. मग नॉर्बनं सक्तीच्या भरतीची जुनी यादी शोधली. त्यात त्याचा पणजोबा होता, आणि नावापुढे लिहिलं होतं, 'हजर झाला नाही'. तारा बसवणाऱ्या समितीनं त्या काळी पलटणीच्या यादीत नाव पाहिलं आणि दोघांचा एक करून टाकला. नॉर्बनंही जन्मसाल न पडताळता तेच वंशावळीत उतरवलं होतं.

"पळाला म्हण ना सरळ," मी म्हटलं.

"दलदलीत लपला असेल. तेव्हा बरेच लपले."

"सिसला सांगणार ना?"

"तिला अजून किती मेमोरियल डे मिळणार आहेत? एक झेंडा, रूथी. कुणाचं काय बिघडतं?"

"वा! दुसऱ्यांना पान उलट म्हणून ओरडायचं, आणि आपल्यावर आलं की आवाज बंद!"

त्यानं सॅलडलाही हात लावला नाही. मला लगेच वाईट वाटलं. बोलायला माझं काय जात होतं? आई गेल्यावर त्याला वाढवलं होतं एल्विरानं. तिला दुखवायच्या कल्पनेनंच तो खचला होता.

शनिवारी मात्र तो गेला, आणि धीर यावा म्हणून मलाही नेलं. एल्विरा स्वयंपाकघरात गोड पाय-पेस्ट्रीसाठी रूबार्बचे आंबट देठ चिरत होती. नॉर्बनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं.

"म्हणजे त्र्याऐंशी वर्षं मी एका पळपुट्याला झेंडा लावतेय?"

"हो, सिस."

"चाळीस वर्षं लोकांची पत्रं बरोबर घरी पोचवलीस, आणि पणजोबाच तेवढा चुकीच्या पत्त्यावर?"

नॉर्बची मान खाली. तिनं उरलेले देठ चिरून संपवले. मग ती म्हणाली, "तो युद्धावर गेला असता आणि गोवरानं मेला असता, तर आपण दोघं नसतो. त्याच्यावर मी रागावणार नाही. त्या दुसऱ्या पोराला झेंडा कोण लावतं?"

"माहीत नाही. त्याचं कुणी राहिलं नाही."

"पुरला कुठे ते तरी लिहिलंय ना तुझ्या कागदात? मग गाडीत पेट्रोल भर."

सोमवारी तिनं चर्चमागे पणजोबाला लायलॅकची फुलं वाहिली, नुसती फुलं. मग आम्ही चाळीस मैल गेलो. बंद पडलेल्या एका चर्चशेजारी, गवतात, आईच्या बाजूला तो दुसरा ऑगस्ट होता. दगड कललेला. तारा नाही, काही नाही.

नॉर्ब झेंडा घेऊन पुढे झाला, तर तिनं तो त्याच्या हातातून काढून घेतला. आम्ही दोघांनी तिला दोन्ही दंडांना धरून गुडघ्यांवर बसवलं. काठी जमिनीत रोवायला तिला तीनदा जोर लावावा लागला.

"तुझा झेंडा आमच्याकडे राहिला होता, बाळा," ती म्हणाली. "आणायला उशीर झाला."

नॉर्ब तिला उठवायला वाकला, पण ती आणखी थोडा वेळ तिथेच बसून राहिली.