खाडीकाठच्या डेपोची भिंत

मी आणे गावचा. आमच्या पठारावर पाण्यासाठी टँकरची वाट बघतात. पाणी नको म्हणून भिंत बांधणारी माणसं मी पहिल्यांदा लष्करात पाहिली. आमचा डेपो समुद्राच्या खाडीकाठी होता. भरतीचं पाणी दरसाल जास्तच आत यायला लागलं, तेव्हा मोठ्या साहेबांनी काठच्या चिखलातली तिवराची झाडं तोडून सिमेंटची उंच भिंत घातली. तिवरं त्यांना घाण वाटायची. भिंतीला रंगही दिला, जणू रंग बघून समुद्र माघारी फिरणार होता.

त्याच पावसाळ्यात वादळात समुद्र भिंतीवरून आत आला आणि भिंतीमुळंच आत अडकला. गाड्या, बॅरेक, स्वयंपाकघर, सगळं कमरेएवढ्या पाण्यात. साहेब टेबलावर उभे राहून पंप मागवत होते. पंपही बुडालेलेच होते.

मग वनखात्याच्या एक मॅडम आल्या. म्हणाल्या, "भिंत फोडा, पाण्याला जाऊ-येऊ द्या. तिवरं परत लावा. लाटेचा जोर तीच मोडतात."

साहेबांना ते पटलं नाही. वरून हुकूम आल्यावर मात्र लगेच पटलं.

लागवडीच्या दिवशी चिखलावर गालिचा अंथरला. साहेबांनी गुलमोहराचं रोप लावलं, कारण तिवराचं रोप फोटोत काडीसारखं दिसतं. माझ्या शेजारी आंबेगावच्या डोंगरातला, भातशेतीवाल्या घरचा एक जवान उभा होता. तो पुटपुटला, "राव, ह्येला खारं पाणी घालू का गोडं?"

"काय बी घाल. मरणारच हाय."

गुलमोहर वाळला. साहेबांनी तिथं दुसरा लावायला लावला.

खरी लागवड आम्ही फोटोवाले गेल्यावर केली, गुडघाभर चिखलात. बरीच रोपं खेकड्यांनी कुरतडली, ती आम्ही शिव्या देत पुन्हा लावली. साहेब बदलून गेले. काही वर्षांनी तिवरं डोक्याच्या वर गेली आणि पुन्हा तसंच वादळ आलं. पाणी आत आलं, पण धावत नाही, चालत. ओहोटीला आम्ही भिंतीला पाडलेल्या भगदाडातून निघूनही गेलं. बॅरेकच्या पायऱ्या तेवढ्या भिजल्या. मला झाडांचा फार अभिमान वाटला.

आता मी निवृत्त आहे. परवा मंचरला चहा पीत होतो, तर हॉटेलातल्या टीव्हीवर तेच साहेब. खाली लिहिलेलं, पर्यावरणतज्ज्ञ. तिवरं लावायची कल्पना आपल्याला पहाटे फिरताना सुचली, असं सांगत होते. शेजारचा पावणा म्हणाला, "लई हुशार माणूस दिसतोय."

मी हॉटेलवाल्याला म्हटलं, "भाऊ, जरा क्रिकेट लाव."