किशनरावांची अठ्ठावन्नची लेन्स

मानवतच्या बाजारपेठेत किशनरावांचा फोटो स्टुडिओ एकोणचाळीस वर्षं चालला, तो एका लेन्सवर आणि एका वाक्यावर. लेन्स अठ्ठावन्न मिलिमीटरची, काळा रंग उडून आतला धातू दिसणारी, हातानं फिरवून फोकस करायची. आणि वाक्य, "हलू नका!" ते अशा खड्या आवाजात यायचं की नवरदेवापासून कडेवरच्या लेकरापर्यंत सगळे पडदा पडण्याआधीच्या दृश्यासारखे जागच्या जागी गोठायचे. जत्रेत आलेल्या नाटक मंडळींचे फोटोही त्यांनी याच लेन्सनं काढले. रंग पुसल्यावरचा नटाचा थकलेला चेहरा इतक्या मायेनं दुसऱ्या कुणी टिपला नाही.

गेल्या दिवाळीत जुन्या कॅमेऱ्याचं शटर अडकलं. सुटे भाग कुठं मिळेनात. लेन्स मात्र ठणठणीत. किशनरावांनी बायकोला सांगून टाकलं, "नव्या कॅमेऱ्याच्या बॉडीवर ही माझ्या हातानं जुळली तर ठीक. न्हाई तर दुकानाची पाटी उतरवतो."

नर्मदाबाई टॉवेलात गुंडाळलेली लेन्स मांडीवर घेऊन परभणीच्या एसटीत त्यांच्या शेजारी बसल्या.

परभणीच्या दुकानात रेणुका नावाची मुलगी होती. तिनं काउंटरवर मिररलेस कॅमेऱ्याच्या दोन बॉडी मांडल्या. एक कोरी, हलकी, चकचकीत. दुसरी वापरलेली, जाडजूड, कोपरे घासलेली.

"आत आरसा नसतो काका, म्हणून बॉडी पातळ असते. मधे ही रिंग घातली की जुनी लेन्स बसते." तिनं कोऱ्या बॉडीवर लेन्स चढवली. किशनरावांनी बटण दाबलं. ढिम्म.

रेणुकानं कॅमेऱ्यामागचा स्क्रीन पाहिला. "लेन्स नाही, म्हणतोय."

"न्हाई?" किशनराव ताठ झाले. "अर्ध्या मानवतची लग्नं पाहिली हिनं!"

"जुन्या लेन्सचा निरोप त्याच्यापर्यंत पोचत नाही हो काका. आपणच सांगायचं, ती आलीय म्हणून." तिनं सेटिंग बदललं आणि कॅमेरा चालू झाला.

नर्मदाबाईंना दाराच्या उजेडात स्टुलावर बसवलं. "आता हे दाबा," रेणुका म्हणाली, "चित्र दहापट मोठं दिसेल. डोळ्यावर फोकस करा."

किशनरावांनी डोळा लावला. नर्मदाबाईंचा एक डोळा समोर भरून आला आणि थरथरायला लागला. पापणी धरावी तर ती निसटे, कुंकू पुढं येई, तेही निसटे.

"उजेड कमी हाय इथं," ते म्हणाले.

"उजेड लय हाय," नर्मदाबाई स्टुलावरून बोलल्या. "हात कापायलेत तुमचे. दोन वर्सं झाली, बशी टेबलावर ठेवूनच च्या पिता. मला दिसत न्हाई व्हय?"

नट वाक्य विसरावा आणि प्रॉम्प्टरनं ते भरल्या नाट्यगृहात मोठ्यानं सांगावं, तसं झालं. किशनरावांनी कॅमेरा खाली ठेवला.

रेणुकानं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं नाही. लेन्स काढून तिनं जाड बॉडीवर चढवली. "हिच्यात हाताची हालचाल सावरायची सोय आहे. फोटो काढतानाच नाही, फोकस करतानाही चित्र स्थिर राहतं. फक्त लेन्स किती मिलिमीटरची, ते सांगावं लागतं."

"अठ्ठावन्न," किशनराव हळूच म्हणाले.

त्यांनी पुन्हा डोळा लावला. थरथर पुष्कळ कमी झाली होती, पण गेली नव्हती. तेवढ्यात समोरच्या स्टुलावरून खडा आवाज आला.

"हलू नका!"

किशनराव गोठले. कोपरं आपोआप बरगड्यांना टेकली, श्वास थांबला. हजारो लोकांना शिकवलेलं आज त्यांचं त्यांनाच करावं लागलं. बोटांनी लेन्स सावकाश फिरवली. एकेक पापणी सुटी सुटी उभी राहिली. खटक.

रेणुकानं फोटो मोठा करून दाखवला. डोळे अगदी स्वच्छ आले होते. ओठ मात्र हसू दाबताना किंचित पुसट.

"तू हाललीस," किशनराव म्हणाले.

"मी हालंन न्हाई तर काय. तुमी हालले का?"

किशनरावांनी कोरी बॉडी रेणुकाकडे सरकवली. दुसरी, लेन्ससकट, टॉवेलात गुंडाळायला नर्मदाबाईंच्या हातात दिली.