बिराजीदादांची वाघूर

बिराजीदादा स्क्रीनवरचं काम वाचायच्या आधी खुर्ची मागे सारून उठायचे, भिंतीला पाठ टेकवायचे आणि डोळे बारीक करून लांबून बघायचे. मग निकाल. "लय गिचमिड झालंय. मेंढरं पांगलीत." एक अक्षर न वाचता! काम माझं असलं की माझं टाळकंच सटकायचं.

परभणीत जिंतूर रोडला आमचं छोटंसं ऑफिस आहे. शेतकऱ्यांना फवारणी, बियाण्याची तपासणी असं काही शिकवणारे टॅबलेटवरचे खेळ आम्ही बनवतो. त्यात कोड टाइप करावा लागत नाही. स्क्रीनवर चौकोन मांडायचे, त्यांना नोड म्हणतात. एकातून दुसऱ्यात तारा ओढायच्या, की खेळ चालतो. या सगळ्या पसाऱ्याला ग्राफ म्हणतात. पसारा हा शब्द माझा. दादांना तो मुळीच चालायचा नाही.

दादांचं घर जिंतूरकडचं, मेंढपाळांचं. मुक्कामाला मेंढरांभोवती जाळीचं कुंपण घालतात, ती वाघूर. एका कामाचे नोड एकत्र आणून दादा त्यांच्याभोवती रंगीत चौकट काढायचे, वर नाव लिहायचे आणि तिलाही वाघूरच म्हणायचे. तार दुसऱ्या कुणावरून आडवी जात असेल तर मध्ये एक ठिपका टाकून तिला वळवायचे. ती खुंटी. कुठेच न जोडलेला नोड दिसला की म्हणायचे, "ह्यो कुनाचा? धनी न्हाई तर हाकला."

मी वैतागायचे. "दादा, खेळ चालतोय ना? शेतकरी काय तारा बघायला येणार आहे?"

"शेतकरी न्हाई गं वैशाली. उद्या मी न्हाई आलो तर तू येशील बगायला."

हे उगाच बोलणं नव्हतं. दादांच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. दिवसाआड डायलिसिस. मालकांनी स्पष्टच सांगितलं होतं, तुमच्या सुट्टीपायी एकदा जरी काम अडलं तर मला दुसरा माणूस बघावा लागेल. मला मालकांचा भयंकर राग आला होता. दादांना नाही. "त्यांचं बी बराबर हाय," ते म्हणाले. "राखनारा आजारी पडला म्हनून मेंढरं उपाशी ठिवतेत का? दुसरा जातो. त्याला समदं जागच्या जागी घावलं पाह्यजे, बस."

मग तो दिवस आलाच. सेलूकडच्या एका गावात फवारणीचा खेळ दाखवायचा होता. मालक आणि मी जीपनं निघालो, देवगाव फाट्यावर चहाला थांबलो. सहज खेळून बघितलं, तर तोंडावरचं फडकं काढलं तरी पंप सुरूच! फडकं निघालं की पंप बंद पडला पाहिजे, सगळा धडाच तो होता.

"लावा बिराजीला फोन," मालक म्हणाले.

दादा मशीनवर होते. फोन वहिनींनी उचलला. "आत्ताच डोळा लागलाय त्यांचा. बीपी लय उतरलं होतं. उठवू का?"

"नको वहिनी, झोपू द्या," मी म्हटलं.

म्हटलं खरं, पण आता ते मलाच निस्तरावं लागणार होतं. टपरीच्या बाकड्यावर लॅपटॉप उघडला. दादांचा हा ग्राफ मी आधी कधी उघडला नव्हता. बघते तर डावीकडून उजवीकडे ओळीनं वाघुरी उभ्या: हातमोजे, फडकं, वारा, पंप. फडक्यातून निघून पंपाकडे जाणारी तार निसटलेली होती. आदल्या दिवशी नवं चित्र बसवताना निसटली असणार. शोधावी सुद्धा लागली नाही. मी ती ओढली आणि वाऱ्याच्या चौकटीवरून सरळ पंपात नेऊन घुसवली. चहा गार व्हायच्या आत खेळ चालू. त्यानंतर मालकांनी दुसऱ्या माणसाचं नाव कधी काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी दादा आले, भिंतीला टेकले. मी शाबासकीची वाट बघत होते.

"वाऱ्यावरून तार नेलीस व्हय? खुंटी ठोकायला काय झालतं?"

"दादा, तुमची नोकरी वाचवली मी!"

"ते झालं. तार कामून आडवी हाय?"

"मग करा ना तुम्हीच सरळ."

"मी न्हाई. तुजी तार तूच काढ."

मीही काही कमी हट्टी नाही. नाही काढली.

यंदा सोयाबीनच्या काढणीच्या दिवसांत दादा गेले. मला फार वाईट वाटलं. अजूनही कुणी खुर्ची मागे सारली की मी वळून बघते.

परवा त्याच खेळात बदल करायचा होता, म्हणून ग्राफ उघडला. माझी आडवी तार होती तिथेच होती. तिच्याभोवती मात्र एक लहानशी पिवळी वाघूर घातलेली, आणि वर दादांचं लिहिणं: "वैशालीची तार हाय. तीच काढील. तवर कुनी हात लावू नका."

मला हसू आलं, आणि मग रडूच कोसळलं. डोळे पुसले, खुंटी ठोकली, वाऱ्याला वळसा घालून तार पंपापर्यंत नेली. उठून भिंतीला पाठ टेकवली आणि लांबून बघितलं. बराबर होतं.

रिकामी वाघूर तेवढी ठेवली.