क्लच प्लेट उलटी, दोष दुकानदाराला

मंडळी, या ग्रुपवर गाडीदुरुस्तीचे धडे मीच देतो, म्हणून हेही मीच सांगतो.

काल गाडीची नवी क्लच प्लेट घरीच बसवली. क्लच पूर्ण दाबूनही गिअर पडेना. आज ती काढून, जिथून घेतली त्या द्वारका चौकातल्या स्पेअर पार्टच्या दुकानात तडक गेलो आणि गिऱ्हाइकांसमोर ओरडलो, "चाचा, डुप्लिकेट माल विकता?"

ते ऐकून एकाने हातातला पार्ट काउंटरवर ठेवला नि निघून गेला.

चाचांनी प्लेट उजेडात धरली. "साहेब, उलटी बसवलीत. ही बाजू फ्लायव्हीलकडे, असं छापलंय बघा."

छापलं होतं. मी वाचलंच नव्हतं.

चाचांची माफी मागितली. "होतं कधी कधी," म्हणत त्यांनी चहाही पाजला. पण तो निघून गेलेला माणूस चाचांना लबाडच समजणार. त्याला आता कुठे गाठू?