फुंकर

संध्याकाळी शाळेतून परतताना बसथांब्यावर शेवंताबाई भेटतात. बेदाण्याच्या शेडमध्ये त्या अठरा वर्षं निवडायला आहेत. काळे, चपटे, देठ राहिलेले मणी बोटांनी बाजूला काढायचे, हे त्यांचं काम. आज बस येईना म्हणून त्यांनी डब्यातला उरलेला चिवडा काढला. बोलताना त्यांची बोटं त्यातले करपलेले शेंगदाणे वेचून झाकणात ठेवत होती. त्यांचं तिकडे लक्षही नव्हतं.

"मशीन आलंय आमच्याकडं," त्या म्हणाल्या. "बोट लावत न्हाई. कॅमेऱ्यानं बघतंय आन् काळ्या मण्याला फुंकर मारतंय. मणी उडून जातोय."

मी मराठी शिकवते. लेकराच्या खरचटलेल्या गुडघ्यावर आपण फुंकर घालतो; मशीन ती मारतं. दिवसभर वह्या तपासून मी इतकी दमले होते की असंच मशीन येऊन माझ्या लाल पेनालाही कधी फुंकर मारेल, याची भीती वाटायचंही त्राण नव्हतं.

"मग तुम्ही सगळ्या?"

"चौघींना ठेवणार हायत. मशीननं उडवलेला ढीग बघायला. त्यात चांगले मणीबी जातात की, बाई. नावं सोमवारी सांगणार."

"तुमचं असेल," मी म्हणाले. माझं मलाच ते पोकळ वाटलं.

झाकणातला एकेक दाणा उचलून शेवंताबाई मावळत्या उजेडात निरखत राहिल्या. एक बरा निघाला. तो त्यांनी पुसून परत डब्यात टाकला.