चाल ओळखीची निघाली

युद्धात गेलेल्यांच्या आठवणीसाठी इंग्लंडातल्या या छोट्या चर्चमध्ये आज सगळे मिळून गाणार होते. मी ज्यांची देखभाल करते, त्या आजोबांची चाकांची खुर्ची आत नेली. शेजारी त्यांचे जर्मन मित्र बसले. दोघांचेही वडील त्याच युद्धात गेले, विरुद्ध बाजूंनी लढताना.

सातवीत शाळा सुटलेली मी. हातातल्या गाण्यांच्या पुस्तकातलं इंग्रजी भराभर वाचता येईना. उघडी पडेन म्हणून नुसते ओठ हलवत होते. पण चाल ओळखीची निघाली. गावच्या चर्चमध्ये आई पेटीवर हीच धरायची आणि म्हणायची, "चाल पकड, शब्द मागून येतील." शब्द तोंडून मोठ्याने आले, ते मराठीच. दचकून थांबले.

"गा गं पोरी," आजोबा म्हणाले, "हा तरी कुठं इंग्रजीत गातोय?"

त्यांच्या मित्राने हसून पुस्तक माझ्याकडे सरकवलं. मग आम्ही तिघांनी ते धरलं. वाचलं मात्र कुणीच नाही.