आखणीतला ‘ख’

फोन आला तेव्हा मी रोह्याच्या फलाटावर पेणच्या गाडीची वाट बघत होते. पेणजवळच्या जोहे गावातून कुंदाची वहिनी बोलत होती. “मॅडम, कुंदा गेली,” एवढंच म्हणाली, आणि तिच्या मागे कुणीतरी रडताना ऐकू आलं. तापाचं निमित्त झालंय हे मला ठाऊक होतं. भेटायला जायचं असं मी दोन रविवार नुसतं ठरवत होते... गाडी आली, मी चढले, पेणला उतरले आणि सवयीनं स्टेशनबाहेर डावीकडे पाहिलं. गणपतीच्या आधीच्या दिवसांत तिची लाल स्कूटर तिथे उभी असायची. तिच्यावर कुंदा बसलेली, दोन्ही कुबड्या मागच्या पट्ट्यात अडकवलेल्या. ती मला ऑफिसपर्यंत सोडायची आणि पुढे कारखान्यांत जायची. त्या दिवशी तिथे एक रिक्षा होती. मी ऑफिसला गेले, सही केली, चार फायली काढल्या, आणि दुपारी डबा उघडल्यावर शेजारच्या टेबलाला सांगितलं की माझी मैत्रीण गेली. त्याला तीन आठवडे होतील आता. घरात एका जागी बसवत नाही. भांडी घासते, पुन्हा घासते.

मैत्रीण म्हटलं खरं, पण आमची ओळख एका कागदावर झाली आणि तो कागद काही भला नव्हता. मी एका सरकारी कार्यालयात कारकून आहे. दिव्यांगांच्या निधीचं टेबल तेव्हा माझ्याकडे नवीन आलं होतं. स्वतःच्या गाडीत लागणारे बदल करून घ्यायला अनुदान मिळायचं. अट एकच, ती गाडी कामासाठी हवी. नाहीतर आम्ही सगळ्यांना सरसकट हाताने ढकलायच्या तीनचाकी सायकली वाटायचो, आणि त्या बहुतेकांच्या पडवीत लाकडं ठेवायच्या कामी यायच्या. कुंदाचा अर्ज आला. भावाने दिलेली जुनी स्कूटर, तिला बाजूची दोन चाकं, पाठीला टेकू आणि सामानाची पेटी बसवायची होती. ‘कामाचे स्वरूप’ या रकान्यात तिने एकच शब्द लिहिला होता, आखणी. आता आमच्याकडे आखणी म्हणजे रस्त्याची आखणी, प्लॉटची आखणी. माझ्या डोळ्यांसमोर टेबल, पट्टी आणि पेन्सिल आली. मी समासात शेरा मारला, ‘आखणी हे बैठे काम असल्याने वाहनाची आवश्यकता दिसत नाही.’ खाली कोंबडीच्या पायासारखी माझी छोटी सही. साहेबांनी शेरा वाचला असेल नसेल, अर्ज नामंजूर झाला.

पेणमध्ये नोकरी करून आखणी म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं. हसाल तर हसा. आमच्या घरचा गणपती पिढ्यान्‌पिढ्या पेणहून येतो आणि त्याचे डोळे कुणी काढतं हे मी जन्मात विचारलं नव्हतं.

ते समजलं पुढच्या वर्षी, कुंदा स्वतः ऑफिसात आली तेव्हा. भावाच्या मोटरसायकलवरून आली, दोन जिने कुबड्यांवर चढली, आणि माझ्यासमोरच्या खुर्चीत बसून आधी पाणी मागितलं. मग म्हणाली, “मॅडम, मी मूर्तीचे डोळे आखतंय. जोह्याला, हमरापूरला, पेनला. रंग झाला का मूर्ती हलवत नाय. ती माज्याकडं येत नाय, मलाच तिच्याकडं जावं लागतं. भावाला येल असंल तवा जायाचं, तं कारखानदार दुसऱ्याला बोलावतंय. गेल्या साली जोह्याच्या भायेर एक डोला काडला नाय मी.”

एक डोळा नाही. तिच्यासमोर तिचाच जुना अर्ज पडला होता, मी तो पालथा घातला आणि नवा कोरा अर्ज माझ्या हाताने भरायला घेतला. ‘गणेशमूर्तींच्या डोळ्यांची आखणी, निरनिराळ्या गावांतील कारखान्यांत प्रत्यक्ष जाऊन.’ ती माझं लिहिणं बघत होती. अक्षर बघायची तिची रीत वेगळी, मान तिरकी करून, मूर्ती बघावी तशी. मध्येच म्हणाली, “तुमचा ‘ख’ येगला हाय. पाय लांबवताय त्याचा.” मला वाटलं, कलाकार बाई आहे, कौतुक करतेय. मी थँक्यू म्हटलं.

अनुदान मंजूर झालं. काम रोह्याला करायचं ठरलं, कारण तसं काम करणारे मिस्त्री हमीदभाई आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहतात. मीच तिला घेऊन गेले. हमीदभाईंनी स्कूटरकडे बघितलंही नाही, सुतळी घेऊन आधी तिचा पाय मोजला आणि विचारलं, “काम क्या करती हो बेटी?” ती म्हणाली, आखणी, मूर्तीचे डोळे. ते थांबले. “मग हात थरथरला नाय पायजे. हायवेचे धक्के हातात बसले तर तिथं जाऊन ब्रश कसा धरशील?” आणि त्यांनी बाजूच्या चाकांना जाड स्प्रिंगा लावल्या, हँडलच्या मुठींना रबराचे दोन थर चढवले. इस्टिमेटमध्ये नव्हतं ते काम. शाळा अर्धवट सोडलेल्या त्या माणसाने पहिल्या मिनिटाला जो प्रश्न विचारला, तो मला ग्रॅज्युएट होऊन सुचला नव्हता.

शेवटचा हप्ता निघायला ‘लाभार्थी वाहनाशेजारी उभा असलेला फोटो’ लागायचा. साहेब स्वतः आले होते तपासणीला. “जरा उभ्या राहा ना ताई, दोन मिनिटं,” म्हणाले. कुंदा सीटवरून म्हणाली, “सायेब, तेवडी उभी राहत असते तं ही गाडी कशाला मागितली असती?” साहेबांना हसू आवरेना. फोटो बसूनच निघाला, आणि मी त्यावर टिपण लिहिलं की लाभार्थी उभी आहे असं समजण्यात यावं. ते टिपण ती येईल-जाईल त्याला सांगायची.

मग तिला बघायला हवं होतं. जूनपासून जोहे, हमरापूर, पेण, एका दिवसात तीन-तीन कारखाने. मूर्तींच्या दोन ओळींमध्ये चाकं लावलेल्या पाटावर बसून ती सरकत जायची, डावा डोळा, उजवा डोळा, पुढची मूर्ती. श्वास रोखून रेघ ओढायची. मला एकदा सोबत नेलं आणि म्हणाली, “बोलायचं नाय, हलायचं नाय.” मी अर्धा तास गप्प बसले, हे माझ्या घरी कुणाला खरं वाटत नाही. काही वर्षांतच मॅडमची मी ‘बाय’ झाले. “काय गो बाय, आज गाडी लेट?” स्टेशनबाहेरून हाक यायची.

पण दरवर्षी, पहिल्यांदा न्यायला आली की, हमखास एकदा विचारायची. रस्त्याकडे बघत, अगदी सहज. “माजा पयला अर्ज कोनी पाडला गो, कललं का?” मी म्हणायचे, “साहेबांनी.” “कंच्या?” “बदलून गेलेल्या.” ती नुसतं “व्हय?” म्हणायची आणि हॉर्न द्यायची. बदलून गेलेला साहेब म्हणजे आमच्या खात्यातला गरीब गाढव, सगळ्यांचं ओझं त्याच्या पाठीवर. सात वर्षं मी तिला हेच उत्तर दिलं. मागच्या सीटवरून, तिच्या पाठीकडे बघत. सांगायचं ठरवून मी कितीदा गाडीत बसले असेन. पेण येईपर्यंत वाक्य तयार असायचं, आणि ती समोर हसली की गिळायचे... कशाला सांगायचं आता, गाडी मिळाली ना तिला, असं स्वतःला समजवायचे. गेल्या वर्षी तिने विचारलंच नाही. मला सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहूनच टाकते.

दिवसकार्य झाल्यावर जोह्याला गेले. वहिनीने स्कूटरची किल्ली हातात दिली. “तिनं सांगून ठेवलंवतं, गाडी बायकडं द्या, ती कामाच्या मानसाला देल. आमच्या पोरांना नाय.” मी गाडीची पेटी उघडली. ब्रश, रंगांच्या बाटल्या, एक फडकं, आणि तळाला पुठ्ठा. आखणीच्या आधी ब्रशची धार बघायला दोन रेघा ओढतात, तो पुठ्ठा. त्यावर डोळेच डोळे होते, काळे, तपकिरी, अर्धे, मिटलेले, आठ हंगामांचे. इतके दाट की मधला कागद आधी दिसलाच नाही. पुठ्ठ्यावर एक झेरॉक्स चिकटवली होती. माझा शेरा.

“ही कुठून आली?” मी विचारलं.

“पयला अर्ज पडला तवा मायतीच्या अधिकारात काडलेली,” वहिनी म्हणाली. “तुमच्याकडं पयल्यांदा आली त्येच्या आगोदर.”

म्हणजे ती दोन जिने चढून आली तेव्हा ते अक्षर तिने पाहिलेलं होतं. नवा अर्ज भरताना माझा ‘ख’ तिने तिथल्या तिथे ओळखला होता. आणि तरी पाणी पिऊन समोर बसली, तरी आठ वर्षं मला स्टेशनवरून नेत राहिली. पुठ्ठाभर रेघा होत्या, पण माझ्या अक्षरावर एकही नव्हती. ओळीभोवती तेवढी जागा तिने मोकळी ठेवली होती, मूर्तीच्या कपाळावर गंधासाठी ठेवतात तशी.

स्कूटर सध्या आमच्या दारात आहे. गडबच्या एका माणसाचा अर्ज माझ्या टेबलावर आलाय, कामाच्या रकान्यात त्याने नुसतं ‘फेरी’ लिहिलंय. फेरी म्हणजे काय ते मला ठाऊक आहे असं वाटतं. तेवढ्यासाठीच उद्या गडबला जाऊन त्याला विचारणार आहे. पुठ्ठा मात्र मी घरी आणलाय. स्वयंपाकघरात भिंतीला टेकवून ठेवलाय, आणि भांडी घासताना पाठीमागून कुणीतरी सहज विचारतंय असं वाटत राहतं, कोनी पाडला गो, कललं का?

मी पाडला, कुंदा. बदलून गेलेल्या साहेबांनी नाही. मी.